मेहुण्याचा बंगला आणि मुलाचे शिक्षण

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील शेतकरी आहे. दहावीनंतर शाळा सोडली आणि सतरा वर्षे सेलमला गलाईच्या, म्हणजे जुने सोने वितळवून शुद्ध करण्याच्या, दुकानात काम केले. टेंभू सिंचन योजनेचे पाणी आल्यावर गावी परतून द्राक्षबाग लावली. मुलगा बारावी विज्ञान शाखेतून ६१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाला, पण सीईटीत गुण पडले नाहीत. एक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय वर्षाला सव्वा लाख शुल्कावर प्रवेश देतो म्हणते आणि त्यासाठी एक एकर विकण्याची माझी तयारी आहे. दुसरीकडे त्याचा मामा त्याला कोइमतूरच्या आपल्या गलाई दुकानात न्यायला बसला आहे. मेहुणा आठवी शिकलेला, पण गावात त्याचा दुमजली बंगला आहे, शेजारचा बी.ए. झालेला मुलगा मात्र तीन वर्षे घरी बसून आहे. मुख्यमंत्री झालेले वसंतदादा पाटील तरी किती शिकले होते? मग जास्त शिकले की जास्त कमाई होते, हे खरे मानायचे का? मुलगा दिवसभर बागेतील फवारणीचा ब्लोअर आणि पाण्याच्या मोटारी खोलून बसतो. मुलीला दहावीला ८८ टक्के पडले, तिला जवळच्या कॉलेजात घालू. मुलाबद्दल योग्य सल्ला द्यावा.

नमस्कार.

विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागातून जे पालक माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात तुमचाच प्रश्न असतो. फरक इतकाच की ते तो आडून विचारतात आणि तुम्ही बंगल्याचे मजले मोजून सरळ विचारला आहे. सरळ विचारल्यामुळे उत्तरही सरळ देतो. शिक्षण आणि कमाई यांचा संबंध आहे आणि तो बळकट आहे, परंतु तो इयत्तांच्या संख्येशी जितका आहे त्याहून अधिक त्या शिक्षणाने कोणते दार उघडते आणि पुढचे दार उघडे राहते की नाही, याच्याशी आहे. तुमचा गोंधळ होतो तो या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्यामुळे.

आधी बंगल्याचे पाहू. मेहुण्यांना तुम्ही आठवी शिकलेले म्हणता, आणि दाखल्यापुरते ते खरे आहे. पण तुम्ही स्वतः सतरा वर्षे त्या धंद्यात काढली आहेत. जुन्या दागिन्यातले सोने मुशीत वितळवून, तेजाबात टाकून, शुद्ध करून देताना किती घट धरायची, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे किती वर्षांत अंगात येते ते मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. तेही शिक्षणच आहे, फक्त त्याची गुणपत्रिका नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे देशभर पसरून गलाईत उभी राहिली, ती अडाणीपणाच्या जोरावर उभी राहिली नाहीत; आधी गेलेल्या भावकीने मागून आलेल्याला दुकानात झोपायला जागा दिली, काम शिकवले, पत मिळवून दिली आणि मग दुकान काढून दिले. म्हणजे मेहुण्यांच्या बंगल्याच्या पायात आठवी इयत्ता नसून पाहुण्यारावळ्यांचे जाळे, पंधरा-वीस वर्षांची उमेदवारी आणि सोन्याच्या भावाने दिलेली साथ आहे.

आणि जे बंगला न बांधता परत आले, त्यांची घरे गावात दिसत असूनही आपल्याला दिसत नाहीत. तुमच्या बरोबर गाव सोडलेल्यांपैकी किती जणांचे स्वतःचे दुकान झाले आणि किती जण अखेरपर्यंत दुसऱ्याच्या भट्टीवर पगारी राहिले, हे एकदा बोटांवर मोजून पाहा. माझ्यापेक्षा ते गणित तुम्हालाच अचूक जमेल.

धंदाही पूर्वीचा राहिलेला नाही. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. शुद्धता कसोटीच्या दगडाऐवजी यंत्रावर तपासली जाते. ज्या दुकानात पूर्वी वहीत पेन्सिलीने हिशेब होत असे, तिथे आता विवरणपत्र भरायला आणि नोटिशीला उत्तर द्यायला माणूस लागतो, आणि तो घरचा नसला तर बाहेरच्याला पैसे मोजावे लागतात. आठवी शिकलेल्या माणसाने वीस वर्षांपूर्वी जे साधले, ते आज बारावी झालेल्या मुलाला त्याच वाटेने साधेलच असे नाही.

आता शेजारचा बी.ए. झालेला मुलगा. त्याला पाहून तुमचे मन खट्टू होणे स्वाभाविक आहे, आणि तो एकटा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या रोजगारविषयक अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते केवळ ३.४ टक्के होते. हे आकडे कोणी पारावर सांगितले, तर ऐकणारा लगेच म्हणेल की बघा, शिकलेलेच रिकामे. पण बेरोजगार कोणाला म्हणतात, तर जो काम शोधतो आहे आणि ज्याला ते मिळत नाही त्याला. ज्याच्या घरी आज चूल पेटवायची आहे तो द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधात बुडवण्याच्या कामाला) जातो, हमाली करतो, वीटभट्टीवर राबतो. तो बेरोजगार मोजला जात नाही, पण त्याची कमाई चांगली आहे असेही कोणी म्हणणार नाही. पदवीधर मुलगा थांबू शकतो, कारण त्याचे घर त्याला थांबू देते, आणि थांबून तो मनासारख्या कामाची वाट पाहतो. तेव्हा या आकड्यांतून दिसते ते एवढेच, की पदवीधरांची अपेक्षा आणि बाजारातील कामे यांचा मेळ बसलेला नाही. शिक्षणाने कमाई घटते असा अर्थ त्यातून निघत नाही.

उलट बाजूचा आकडाही सांगतो. जॉर्ज साखारोपूलोस आणि हॅरी पॅट्रिनोस या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे व्यक्तीच्या कमाईत सरासरी सुमारे ९ टक्के वाढ होते, आणि स्त्रियांच्या बाबतीत ती पुरुषांपेक्षा अधिक असते. स्त्रियांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. त्याकडे शेवटी येतो. मात्र सरासरी हा शब्द फसवा असतो. विहिरीची सरासरी खोली कमरेइतकी आहे म्हणून कोणी डोळे मिटून उडी मारत नाही. त्या ९ टक्क्यांत मिरजेचा शल्यविशारदही आला आणि तुमच्या शेजारचा बी.ए.ही आला.

शिक्षणामुळे पगार का वाढतो, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत आणि दोन्ही तुमच्या उपयोगाची आहेत. एक मत असे की शिकल्याने माणसाच्या हाताला आणि डोक्याला काम येते, म्हणून त्याला अधिक मोल मिळते. दुसरे मत मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पदवी ही चाळणी आहे. गावात एकच पदवीधर होता तेव्हा त्या चाळणीतून तो एकटाच वर राहत असे. आज प्रत्येक आळीत चार पदवीधर असताना भोके तीच ठेवून चालत नाही, म्हणून नोकरी देणारा त्यावर आणखी एक बारीक चाळणी ठेवतो. ती कधी परीक्षेची असते, कधी संगणकाची, तर कधी इंग्रजी बोलण्याची. तुमच्या शेजारच्या मुलाची पदवी खोटी नाही. ती पहिल्या चाळणीपुरती आहे आणि दुसरीची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतली नाही.

शिक्षणाची उंची आणि पगाराची उंची नेहमी जोडीने चालत नाहीत, हे पाहायचे असेल तर आपल्याच राज्य शासनाच्या सातव्या वेतन आयोगातील मूळ वेतने पाहावीत. लिपिक-टंकलेखकाला पदवी लागते, वर टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याची वेतनश्रेणी १९,९०० रुपयांपासून सुरू होते. पोलीस शिपायाला बारावी पुरते आणि त्याची सुरुवात २१,७०० पासून होते. तलाठ्याला पदवी लागते, सुरुवात २५,५०० पासून. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला कनिष्ठ अभियंता, जो दहावीनंतर तीन वर्षे शिकला आहे आणि पदवीधर नाही, त्याची सुरुवात ३८,६०० पासून होते. म्हणजे दहावीनंतर पाच वर्षे शिकून पदवी घेतलेल्या लिपिकाच्या जवळजवळ दुप्पट मूळ वेतन तीन वर्षांच्या पदविकेला आहे. महागाई भत्ता वगैरे सर्वांनाच वेगळा मिळतो, म्हणून तो धरला नाही. या नोकऱ्यांच्या भरवशावर राहा, असे मी मुळीच सुचवत नाही. सांगलीतील अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली मुले मी रोज पाहतो. सांगायचे एवढेच की किती वर्षे शिकला यापेक्षा काय शिकला, याला किंमत अधिक आहे.

तरीही दाखल्याचे महत्त्व कमी लेखू नका, कारण तो नसल्याचा त्रास सुरुवातीला होत नाही, पुढे होतो. मी तंत्रनिकेतनात बावीस वर्षे शिकवले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक जोडारी, ज्याला आपण फिटर म्हणतो, माझ्या माहितीत आहे. आयटीआय झालेला, हाताला विलक्षण अचूक. दर दोन-तीन वर्षांनी पदविका झालेली नवी मुले त्याच्या हाताखाली काम शिकायला येत आणि काही वर्षांतच त्यांच्यातला एखादा त्याचा साहेब होत असे. कारखान्याच्या नियमात पर्यवेक्षकाला पदविका हवी, असे लिहिलेले होते आणि त्या एका ओळीपुढे त्याचे कसब थांबले. विशीत त्याचा आणि त्या मुलांचा पगार फार वेगळा नव्हता, पण चाळिशीत तो वेगळा झाला. शरीराच्या जोरावरची कमाई पंचेचाळिशीनंतर उतरू लागते आणि जबाबदारीच्या जागेची कमाई तेव्हाच चढू लागते. म्हणून पहिल्या पगारावरून शिक्षणाची परीक्षा करू नये.

वसंतदादांचे तुम्ही लिहिले आहे. त्यांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नव्हते, हे खरे. परंतु त्याच माणसाच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, कारण आपली मुले शिकायला शेजारच्या कर्नाटकात जातात आणि पैसाही तिकडेच जातो, हे त्यांना दिसत होते. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. स्वतःला न मिळालेल्या गोष्टीची किंमत या दोघांना पुरती कळली होती. ज्यांनी शाळा काढल्या त्यांचीच नावे शाळा सोडण्यासाठी घेणे, हे मला थोडे गमतीचे वाटते. अर्थात १९८३ च्या त्या निर्णयाची दुसरी बाजूही आहे: जागा वाढत गेल्या, काही महाविद्यालये उत्तम निघाली आणि काहींच्या पदवीला आज बाजारात कागदाइतकेच वजन उरले आहे.

यातूनच तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्या खासगी महाविद्यालयासाठी जमीन विकू नका, असे मी स्पष्ट लिहितो. वर्षाला सव्वा लाख याचा अर्थ चार वर्षांत पाच लाख. राहणे, खाणे आणि पुस्तके धरली तर हा आकडा आठ लाखांच्या घरात जाईल. सीईटीत कमी गुण असताना एखादे महाविद्यालय तुम्हाला आपणहून बोलावते, तेव्हा तिथल्या जागा का रिकाम्या आहेत हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागच्या दोन वर्षांत त्या शाखेतील किती मुले उत्तीर्ण झाली आणि कोणत्या कारखान्यात लागली, हे नावानिशी विचारा; प्रवेशद्वारावरच्या फलकावर जाऊ नका.

तुमच्या मुलासाठी एक तिसरी वाट आहे, जी तुमच्या पत्रात नाही. बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि त्यासाठी सीईटी लागत नाही. मिरज आणि कराड या दोन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे, शुल्क खासगी महाविद्यालयाच्या मानाने फारच कमी आहे, आणि दोन वर्षांत यंत्र किंवा विद्युत शाखेची पदविका हाती येते. जागा मर्यादित असतात, म्हणून दोन्हीकडचे पर्याय भरावेत. पदविकेनंतर तो एक वर्ष शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर कारखान्यात काम करू शकतो, नोकरी धरू शकतो किंवा पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. हा शेवटचा प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो, म्हणजे आज नडलेली सीईटी तेव्हा त्याच्या आड येत नाही. पदविका चांगली झाली तर सांगलीच्या वालचंदसारख्या महाविद्यालयाचा विचारही तेव्हा करता येईल, जो आज करता येत नाही. बारावीनंतर एकूण पाच वर्षे लागतील, सरळ वाटेपेक्षा एक वर्ष जास्त, पण दोन वर्षांनंतर त्याला कुठल्याही वळणावर थांबावे लागले तरी हात रिकामे राहणार नाहीत. खासगी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षी गाडी अडली, तर हाती काय उरते याचा विचार करा.

यात एक अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांचे पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी रेखन झालेले नसते, त्यामुळे पहिले सत्र जड जाते आणि काही मुले तिथेच धीर सोडतात. ब्लोअर खोलून बसणाऱ्या मुलाला यंत्राचा छेद डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत त्याला बागेच्या कामाला बोलावू नका.

पुढे पदवीच्या वेळी पैसे कमी पडले, तर शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज सरकारी पतहमी योजनेत बसत असेल तर जमीन तारण ठेवावी लागत नाही, आणि हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते, हे मुलाला आधीच सांगा. जमीन एकदा गेली की पुन्हा येत नाही, आणि टेंभूचे पाणी आलेल्या जमिनीचा भाव आता पूर्वीपेक्षा वाढलेला आहे, हे तुम्ही जाणताच.

आणि या सगळ्यावर तो म्हणाला की मला मामाकडेच जायचे आहे, तर त्याला अडवू नका, पण बारावीवर थांबवूनही पाठवू नका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमके अशा मुलांसाठीच आहे. दुकानात राहून त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि कराची विवरणपत्रे स्वतः भरायला शिकला, तर पाच वर्षांत मामालाच त्याची गरज लागेल. मामाशी मात्र पगाराचे आधी बोलून घ्या. नात्यात पगार ठरत नाही आणि मग दहा वर्षांनी भांडण होते, हे या धंद्यातील जुने दुखणे आहे.

आता ज्या ओळीसाठी मी हे पत्र निवडले, तिच्याकडे येतो. तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यात मुलाच्या ६१ टक्क्यांवर साडेतीन पाने आहेत आणि मुलीच्या ८८ टक्क्यांवर एक ओळ आहे, तीही तिला कुठेतरी घालण्याची. मला तुमचा अवमान करायचा नाही. हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण कमाईच्याच भाषेत बोलायचे, तर तुमच्या घरात शिक्षणावर घातलेला रुपया सर्वांत जास्त परत आणणारी व्यक्ती तीच आहे. मुलाला न्यायला मामा बसला आहे. तिला न्यायला कोणी बसलेले नाही. गलाईचे दुकान तिच्या नावावर होणार नाही आणि बागही बहुधा होणार नाही. ज्याच्यासमोर चार वाटा आहेत त्याने एक चुकवली तरी तीन राहतात, पण तिच्यासमोर शिक्षणाची एकच वाट आहे, आणि तीच तुम्ही सर्वांत कमी विचार करून ठरवली आहे.

दहावीच्या ८८ टक्क्यांवर तिला शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करता येईल, आणि वर कनिष्ठ अभियंत्याच्या वेतनाचा जो आकडा दिला आहे त्या वाटेवर ती भावापेक्षा कमी वयात पोहोचेल. तिला विज्ञान शाखेतून अकरावी-बारावी करून पुढे औषधनिर्माण, परिचर्या किंवा अभियांत्रिकीकडे जायचे असेल, तर तेही उत्तम आहे; मिरजेसारखे रुग्णालयांचे गाव जवळ असताना परिचर्येला कमी समजू नये. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांतील शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. त्यामुळे तिचा प्रवेश कोणाच्या ओळखीने परस्पर घेऊ नका. ती काय म्हणते, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कोणताही अर्ज भरण्याआधी तिला विचारा.

या आठवड्यात विट्याच्या तहसील कार्यालयात जाऊन उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला, तसेच लागू असेल ते जात किंवा प्रवर्गाचे प्रमाणपत्र दोघांच्याही नावे मागा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते आणि दरवर्षी काही मुलांची जागा केवळ दाखल्यावाचून जाते. दहावीनंतरच्या पदविकेचा अर्ज आणि थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज वेगवेगळा असतो, हे ध्यानात ठेवा. त्यानंतर एखाद्या कामाच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन मिरजेच्या तंत्रनिकेतनात जा, सुविधा केंद्रात दोघांच्या कागदपत्रांची पडताळणी करून घ्या, आणि तेथील शिक्षकांना विनंती करून कार्यशाळेत लेथ चालू असताना अर्धा तास दोघांनाही उभे राहू द्या.